सकाळचे राग सकाळी ऐकू द्या

महोदय,

आपले गुरू, गायक सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ पं. भीमसेन जोशी यांनी १९५३ मध्ये पुण्यात सुरू केलेला संगीत महोत्सव पूर्वी रात्रभर चाले. ध्वनिक्षेपकांवर रात्री दहानंतर निर्बंध आले आणि पहाटेचा ललत किंवा सकाळची तोडी एकत्र बसून ऐकण्याची संधी दुर्मीळ झाली. नियम योग्यच आहे. मात्र शेजारच्या अनोळखी श्रोत्याने समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आपल्याबरोबरच मान डोलवावी, थर्मासमधला चहा पुढे करावा, हा दिलासा एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांना मोबाइलवरील ध्वनिमुद्रणातून मिळत नाही. तेव्हा संगीत मंडळांनी वस्तीतील सभागृहांत, ध्वनिक्षेपकाविना, तानपुरा-तबल्याच्या साथीने सकाळच्या छोट्या बैठका भरवाव्यात आणि नवोदित गायकांना त्यांत (मानधनासह, हेही सांगावे लागते!) स्थान द्यावे.

– एक श्रोता, पुणे