बंड्या, उंदरायचा डेक तयार झाला

प्रिय बंड्या,

तुहा मेसेज वाचला अन् मले हसूच आलं. म्हणे मॅजिक: द गॅदरिंग या आपल्या पत्त्याच्या खेळात सारी दुनिया ड्रॅगन खेळते, एंजल खेळते, तू उंदरं कायले घेऊन बसला बे. याचं उत्तर मेसेजमधे मावत नाई म्हणून सवडीनं लिहून रायलो, एक चहा मांडून घे अन् मंग वाच.

पहिले घरचं सांगतो. सोयाबीन निघाली, भावाचं नाव काढू नको. पऱ्हाटीचा दुसरा वेचा चालू हाय, वेचणाऱ्या बाया भेटत नाई म्हणून आई स्वतःच वावरात जाते अन् ऐकत नाई. तूर बरी हाय. हरभऱ्याले ओलित चालू हाय अन् या आठवड्यात लाईन रात्रीची हाय, म्हणजे स्प्रिंकलरचे पाइप एकदा लावले का दोन-तीन तास मोटरच्या खोलीत बसूनच राहा लागते. आमचे सारे डाव तिथंच होतात. मी, मोठ्या भावाचा पोट्टा अन् आपल्या शाळेवरचे मास्तर. मास्तरले हा खेळ मीच शिकवला, आता तेच मले नियम सांगतात.

हॉस्टेलवर आपण जे खेळायचो ते ६० पत्त्याचं, २० लाइफ, अन् एका नावाचे जास्तीत जास्त चार पत्ते. इथं आमी त्याच खेळाचा कमांडर हा प्रकार खेळतो. १०० पत्ते, त्यातला एक पुढारी पहिल्यापासून बाजूले काढून ठेवायचा, ४० लाइफ, अन् बेसिक लँड (जमिनीचे साधे पत्ते, बाकी पत्ते खेळायचा खर्च यातूनच निघते) सोडल्या तर कोणत्याच नावाचा दुसरा पत्ता डेकमधे चालत नाई. अन् पुढाऱ्याच्या रंगाबाहेरचं काही घेता येत नाई. माहा पुढारी मॅरो-नॉअर नावाचा उंदीर, २००४ चा, चॅम्पियन्स ऑफ कामिगावा सेटमधला, म्हणून माहा पुरा डेक काळा. लँडच्या नावानं निस्ता चिखल, म्हणजे स्वॅम्प. ३५ लँड हाय डेकमधे, एवढ्या सातबाऱ्यावर असत्या तर मी तुले पत्र लिहीत बसलो असतो का!

आता तू म्हणशीन दुसरा पत्ताच चालत नाई तर उंदरायची फौज कुठून आणली. तर त्यातच गंमत हाय राजा. या खेळात पत्त्यावर जे लिहिलं ते मोठ्या नियमाच्या वर. २००४ मधेच फिफ्थ डॉन सेटमधे रिलेंटलेस रॅट्स आला, त्याच्यावर साफ लिहिलं होतं का डेकमधे हा पत्ता कितीबी घ्या. मंग २०१८ ले डोमिनारियामधे रॅट कॉलनी आला, त्याच्यावरबी तेच. मी कॉलनी घेतला. तब्बल २६.

दोनातला कोणता घ्यावा याच्यावर मास्तरसंग लय वाद झाला. रिलेंटलेस तीन मानाचा (मान म्हणजे लँडमधून निघणारा खर्च), २/२, म्हणजे ताकद दोन अन् जीव दोन, अन् त्याच नावाच्या दुसऱ्या प्रत्येक उंदरामागं +१/+१, म्हणजे कातडीबी जाड होत जाते. कॉलनी दोनच मानाचा, २/१, त्याची ताकद वाढते पण जीव एकचा एकच राह्यते, कोणी नुसतं टिचकं मारलं तरी मेला. मास्तर म्हणे मंग रिलेंटलेसच बरा. पण तो फक्त आपल्या नाववाल्यायले मोजते ना. कॉलनी कोणत्याबी उंदराले मोजते, टोकन म्हणजे पत्त्याबिगर आलेला उंदीर असो, पुढारी असो, फक्त आपल्या बाजूचा अन् जातीनं उंदीर पाह्यजे. दोघायची भेळ केली तर रिलेंटलेसचा हिशोब अर्धा होऊन जाते. म्हणून एकच धरायचा. अन् मानाचा फरक लहान वाटते, पण सहा मानात कॉलनी तीन उतरतात अन् रिलेंटलेस दोनच.

हिशोब पाय आता. चार कॉलनी समोर असले का प्रत्येकाले बाकी तिघायचे तीन भेटतात, म्हणजे ताकद पाच. चार पंचे वीस. तुह्या हॉस्टेलवाल्या डावात खेळ तिथंच खल्लास. कमांडरमधे ४० काढा लागते तर सहा उंदीर पुरतात, सात गुणिले सहा ४२. पाच असले तर फक्त ३०. एका उंदरात बारा डॅमेजचा फरक, म्हणून मी एकेकाले जीव लावतो.

पण तुले खरी गोष्ट ही सांगायची हाय का डेक असा जातीवर बांधला का माणसाले त्या जातीचा मोह होते. दिसला उंदीर का टाक आत. मी तसं नाई केलं. उंदीर हाय म्हणून घ्यायचा नाई, काही कामाचा असला तर घ्यायचा. चिटरिंग रॅट्स घेतला कारण तो उतरला का समोरच्याले हातातला एक पत्ता गड्डीवर वापस ठेवा लागते, म्हणजे पुढच्या टर्नले त्याले नवीन काही भेटत नाई, तोच जुना पत्ता पुन्हा उचलते. भावाचा पोट्टा यानं इतका चिडते का विचारू नको. कारुमोनिक्स घेतला, २०२३ चा, उतरल्यावर गड्डीवरचे पाच पत्ते पाहून त्यातले सारे उंदीर हातात घेता येतात, अन् आपले बाकी उंदीर विषारी होतात, त्यायचा मार लागला का समोरच्याले विष चढते. विषाचे दहा काउंटर, म्हणजे खुणा, झाल्या का माणूस गेला, मंग त्याचे ४० लाइफ असो का चारशे. मुरलीवाला बी हाय, पायपर ऑफ द स्वॉर्म, तो जातीनं माणूस हाय तरी घेतला. अन् दहा-बारा पत्ते निव्वळ मारायचे, कारण समोर एखादा मोठा जीव बसला अन् आपल्याजवळ फक्त उंदरंच असले तर पाहत बसा लागते.

थ्रमिंग स्टोन मी नाई घेतला, तू ओरडशीन माहीत हाय. पाच मानाचा दगड, तो असला का एक कॉलनी खेळली तर गड्डीचे वरचे चार पत्ते उघडायचे, त्यात कॉलनी निघाली तर फुकट, मंग त्या फुकटवालीचे पुन्हा चार. अर्धी गड्डी एका टर्नमधे टेबलावर येऊन जाते अन् बाकीचे लोक तोंड पाहत बसतात. नागपूरले एखाद्या दुकानात अनोळखी लोकायसंग खेळायचं असलं तर ठीक हाय, पण मोटरच्या खोलीत तिघं जण थंडीत कुडकुडत बसले असताना असा डाव संपवणं मले काही पटत नाई. हे माहं मत, तू तुह्या डेकमधे दहा दगड घाल. दहा चालणार नाई म्हणा, एकच चालते.

आता खेळायचं कसं. पुढाऱ्याचं काम दोन. एक म्हणजे साऱ्या उंदरायले फिअर, म्हणजे समोरच्याचा काळा नाईतर आर्टिफॅक्टवाला (बनवलेल्या वस्तूचा) जीवच त्यायले अडवू शकते. मास्तरचे पांढरे एंजल नुसते उडत राह्यतात. पण भावाचा पोट्टा झोंबी खेळते, सारे काळे, त्याच्यापुढं फिअरचा काहीच उपयोग नाई. दुसरं म्हणजे पुढाऱ्याले टॅप, म्हणजे आडवं, करायचं, एक उंदीर बळी द्यायचा, अन् जितके उरले तितके नवे टोकन घ्यायचे. दहा असले तर एक गेला, नऊ उरले, नऊ नवे आले, झाले अठरा. पुढच्या टर्नले चौतीस. टोकन म्हणून आमी तुरीचे दाणे मांडतो.

अन् इथंच सारे लोक फसतात. हातात उंदरं आले का भराभर सारे खाली मांडतात, कारण प्रत्येक नवा आला का बाकीच्यायची ताकद वाढते, ते पाहून बरं वाटते. अन् मंग समोरचा राथ ऑफ गॉड टाकते, चार मानाचा, टेबलावरचे सारे जीव साफ. जातीच्या डेकचं मरण हेच हाय. म्हणून माहा नेम असा का चार उंदीर खाली असले अन् समोर पांढरा रंग असला तर पाचवा हातातच ठेवायचा. चार म्हणजे वीसचा मार हाय, तेवढ्यानंच त्याच्यावर दबाव राह्यते. राथ टाकायचा तर चार उंदरावर टाक.

परवाच्या डावात तेच झालं. माहे चार कॉलनी खाली, हातात दोन. मास्तरनं चार पांढऱ्या लँड आडव्या केल्या, चष्मा वर ढकलला अन् राथ ठेवला. त्यायचे स्वतःचे दोन एंजल बी गेले, झोंबीबी गेले. मास्तर पुडीतली सुपारी काढत म्हणे, झालं, आता पाइप बदलून या. पाइप बदलून आलो. मंग माह्या टर्नले सात लँड होत्या. पाच मानात सीक्रेट साल्व्हेज खेळलो. त्यात काय होते का ग्रेव्हयार्डमधला (आपल्या मेलेल्या अन् फेकलेल्या पत्त्यायच्या ढिगातला) एक पत्ता खेळाबाहेर काढायचा अन् त्या नावाचे गड्डीत जितके असतीन तितके शोधून हातात घ्यायचे. चारातला एक कॉलनी काढला अन् गड्डीतून वीस उचलले! हातात मावेना. उरलेल्या दोन मानात एक कॉलनी उतरवला.

पोट्टा खदखदा हसाले लागला, का काका, टर्न संपताना हातात सातच ठेवता येतात, बाकीचे फेका. म्हटलं फेकतो ना. सहा कॉलनी अन् एक पत्ता ठेवला, बाकी पंधरा ग्रेव्हयार्डमधे. तिथं पहिलेचे तीन होते, झाले अठरा. अन् ठेवलेला तो एक पत्ता म्हणजे पेट्रिआर्क्स बिडिंग. पाच मान. प्रत्येकानं एक जात सांगायची, अन् जितक्या जाती सांगितल्या त्या जातीचे सारे जीव आपापल्या ग्रेव्हयार्डमधून वापस टेबलावर. पुढच्या टर्नले मी म्हटलं उंदीर. मास्तर म्हणे एंजल, पोट्टा म्हणे झोंबी, त्यायचेबी आले, येऊ द्या. माहे अठरा आले. त्यायले त्या टर्नले हमला करता येत नाई, आत्ताच उतरले ना, पण आधीच्या टर्नचा तो एकटा कॉलनी मोकळा होता अन् त्याच्या मागं अठरा भाऊ. २०/१ चा एक उंदीर गेला मास्तरच्या अंगावर. मास्तरनं सुपारी चावणं बंद केलं.

सहा कॉलनी हातात ठेवले ते उगाच नाई. पोट्ट्याच्या डेकमधे बोजुका बॉग हाय, ती लँड उतरली का एका माणसाचं पुरं ग्रेव्हयार्ड खेळाबाहेर. त्यानं मधेच ती टाकली असती तर अठराचे अठरा गेले असते, तरी माह्याजवळ सहा राह्यले असते, अन् सहाचा हिशोब तुले वर सांगितलाच हाय. नशीब का त्याच्या हातात ती नव्हती. पुढची फेरी कोणाजवळच दुसरा राथ निघाला नाई अन् एकोणीस उंदीर चालून गेले. प्रत्येकी वीस. बेरीज तूच कर.

पत्ते खरे नाई हाय हं सारे. पुढारी अन् पाच-सहा कॉलनी खरे, ते नागपूरहून आणले होते, बाकीचे तालुक्याच्या झेरॉक्सवाल्याकडून रंगीत काढून आणले. स्लीव्हमधे (पत्त्याच्या प्लास्टिकच्या खोळीत) मागं साधा पत्त्याच्या कॅटमधला पत्ता अन् पुढं कापलेला कागद, म्हणजे जाडी सारखी लागते अन् पिसताना समजत नाई. अधिकृत टूर्नामेंटमधे हे चालत नाई, घरात कोण विचारते. झेरॉक्सवाला मात्र विचारत होता, भाऊ एकाच उंदराचे वीस फोटो कायले. त्याले वाटलं शाळेचा प्रोजेक्ट हाय. आईले अजून कळलं नाई हे काय हाय, ती म्हणते कोठ्यातले उंदरं तुरीची पोती कुरतडून रायले अन् हा कागदाचे उंदरं स्लीव्हमधे जपून ठेवते.

संक्रांतीले येशीन तेव्हा काळ्या स्लीव्हची १०० ची दोन पाकिटं आणजो, मॅटवाल्या, चकचकीत नको, बल्बखाली चमकतात अन् पत्ता दिसत नाई. अन् तुहा तो ड्रॅगनचा डेकबी घेऊन येजो, चौथा माणूस आमाले पाह्यजेच हाय. गाडी संध्याकाळची धरजो म्हणजे मी तुले फाट्यावर घ्यायले येतो. जेवण आईच्या हातचं, पातोडीचा रस्सा अन् भाकर, तिले मी सांगून ठेवलं. स्वेटर विसरू नको, मोटरच्या खोलीले दरवाजा नाई.

तुहाच,
गजा