नळीतली पेज आणि तोंडातल्या काड्या

महोदय,
माझ्या धाकट्या दिरांच्या जबड्याचं कॅन्सरचं ऑपरेशन परळला झालं. घरी आल्यावर नाकातल्या नळीतून जेवण. पेज दोनदा गाळायची, डोकं उंच ठेवून सावकाश सोडायची, शेवटी पाणी. नाहीतर नळी तुंबते. तोंड आखडू नये म्हणून दातांमध्ये आइस्क्रीमच्या काड्या, हळूहळू एकेक वाढवत. भाऊजी चिडतात, पाटीवर ‘बास’ लिहितात. मी ऐकत नाही! रेडिएशननंतर दात काढला तर जखम भरणं अवघड, म्हणून दात आधीच दाखवायचे, हेही तिथेच कळलं. असं शिकवणारं माणूस तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात आठवड्यातून एकदा तरी बसवा. आणि गुटखाबंदी २०१२ची. एसटी स्टँडसमोर पुडी आजही मिळते.

– एक गृहिणी, जि. सातारा