बाबा, दुकानाचं शटर इतक्यात ओढू नका

प्रिय आई-बाबा,

फोनवर बाबांच्या मानेचा आणि दुकानाचा विषय काढला की आईला रडू येतं आणि बाबा "बरंय सगळं" म्हणून फोन परत तिच्याकडे देतात, म्हणून सगळं एकदाच टाईप करून पाठवतेय, दोघांनी मिळून निवांत वाचा.

बाबा, एमआरआयमध्ये सी६-सी७ची, म्हणजे मानेच्या सहाव्या-सातव्या मणक्यांमधली गादी सरकलीय आणि तिथून हाताकडे जाणाऱ्या सी७ नसेवर दाब आलाय हे मीपण बघितलं. मानेतून निघून मधल्या बोटापर्यंत जी कळ जाते, सूटिंगच्या कापडाचे थर कापताना हात लटपटतो, ते त्या नसेमुळेच. पण म्हणून आता शिवणकाम बंद, हे त्या रिपोर्टवरून नाही ठरत. तुमच्या वयाच्या ज्यांची मान कधीच दुखली नाही त्यांच्यापण एमआरआयमध्ये गादी झिजलेली, फुगलेली दिसते. आणि हा नसेचा त्रास बहुतेकांचा काही आठवड्यांत नाहीतर काही महिन्यांत ऑपरेशनशिवायच कमी होतो.

मी फिजिओ म्हणून रोज बघते ना, रिपोर्ट सारखाच असतो पण एक जण कामावर जातोय आणि दुसरा घरी झोपून आहे. मग बघावं लागतं की दुखणं किती, हातात जोर किती, काम किती अंगमेहनतीचं, रात्री झोप लागते का, मन खचलंय का, आणि मान हलवली तर अजून काही बिघडेल ही धास्ती किती बसलीय. फिनलंडमध्ये १९८० च्या दशकात काम करायची क्षमता मोजायची एक प्रश्नावली तयार केली, ७ ते ४९ मार्कांची, त्यात आजार किती आणि रजा किती हे तर विचारतातच पण असंही विचारतात की अजून २ वर्षांनी हेच काम जमेल असं तुम्हाला स्वतःला वाटतं का. बाबा, याचं तुमचं उत्तर काय ते मला खरंच ऐकायचंय. आपल्याला जमेल असं ज्यांना वाटतं ते दुखणं थोडं असतानाही कामाला लागतात, हे मी खूप जणांत बघितलंय.

आई, तू त्यांना पाण्याचा तांब्यापण उचलू देत नाहीस. तुझा जीव तुटतो मला कळतं गं, पण दिवसभर पलंगावर, गळ्यात पट्टा, याने मान अजून आखडते आणि माणूस मनाने पण बसतो. पट्टा थोडेच दिवस असतो, डॉक्टर काढा म्हणाले की काढायचा.

आता दुकान. कटिंगचं टेबल फार बुटकं आहे, खडूने आखताना बाबांची हनुवटी छातीला टेकते आणि ते त्याच अवस्थेत तासभर असतात. टेबलाच्या पायांखाली लाकडी ठोकळे देऊन ते कोपराच्या जरा खालपर्यंत उंच करू. कापड कापायचं काम आणि ताग्यांची उचलाउचल सध्या कारागिराकडे, बाबांनी मापं, ट्रायल, फिनिशिंग बघायचं, तेपण सुरुवातीला सकाळचेच दोन तास आणि अर्ध्या तासाने उठून दुकानाबाहेर एक फेरी. रविवार पेठेतून अस्तर-बटणं आणायला स्कूटर नको, तिथले खड्डे आणि स्पीडब्रेकर मानेला झेपणार नाहीत, रिक्षाने जा. लग्नसराईच्या ऑर्डरी यंदा कमी घ्या, जुनी गिऱ्हाईकं थांबतील, तुमच्या हातची फिटिंग त्यांना दुसरीकडे मिळत नाही.

एक मात्र दोघांनी लक्षात ठेवा. चालताना तोल जायला लागला, शर्टाचं बटण लावता येईना, लघवीवर ताबा राहिला नाही किंवा हाताचा जोर झपाट्याने कमी झाला तर माझी वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं.

मी शनिवारी नाशिकहून निघतेय, ठोकळे इथूनच करून आणते. बाबांना चप्पल घालून सरळ उभं कर आणि जमिनीपासून कोपरापर्यंतचं माप टेपने घे, टेबलाची उंचीपण मोज आणि दोन्ही आकडे आजच व्हॉट्सअ‍ॅपवर टाक गं आई.

तुमची,
ताई