हळदीच्या प्रयोगातले 'अंतर' तपासून घ्या

महोदय,

वायगावच्या हळदीतले कुरक्युमिन हे पिवळे रंगद्रव्य अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाला कुठे चिकटते, हा आमच्या भागातल्या एम.एस्सी. प्रकल्पांचा सोयीचा विषय. कुरक्युमिन घातले की प्रथिनातल्या ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाचा उजेड मंदावतो. ट्रिप्टोफॅनची ऊर्जा कुरक्युमिनकडे गेली (हस्तांतरण) असे धरायचे, किती टक्के गेली त्यावरून फर्स्टरच्या सूत्राने दोघांतले अंतर काढायचे आणि '2.7 नॅनोमीटर' असे ठोकून द्यायचे. सूत्रात अंतराचा सहावा घात आहे. त्यामुळे मोजणी बरीच चुकली तरी अंतर जेमतेम हलते, आणि चुकलेला आकडाही पटण्यासारखा दिसतो. खरी गोम इथे आहे.

सगळ्यात मोठी चूक शोषणाची. कुरक्युमिन स्वतःच 295 (ट्रिप्टोफॅनला उत्तेजित करणारा) आणि 345 नॅनोमीटरचा (त्यातून बाहेर पडणारा) प्रकाश थोडाथोडा गिळते. त्याने वाढवलेले शोषण अनुक्रमे 0.10 आणि 0.15 असेल, तर दोन्हींच्या सरासरीचा 10 वर घात घेऊन वाचन सुमारे 1.33 ने गुणावे लागते. उजेड 100 वरून 60 वर आला तर खरा आकडा 80 ठरतो, म्हणजे हस्तांतरण 40 नव्हे, फार तर 20 टक्के. म्हणून प्रत्येक मात्रेनंतर त्याच क्युव्हेटचे (नमुन्याच्या चौकोनी नळीचे) शोषणही नोंदवावे.

2 मायक्रोमोलर अल्ब्युमिन पुरते. 3 मिलिलिटरला साधारण 0.4 मिलिग्रॅम. उत्तेजन 295 वरच द्यावे, 280 वर टायरोसिन हे दुसरे अमिनो आम्लही उजळते. क्युव्हेट क्वार्ट्झचे, चारही बाजूंनी पारदर्शक हवे. नुसत्या बफरचे वाचन वजा केले नाही, तर 328 च्या आसपासचा पाण्याने विखुरलेल्या प्रकाशाचा रामन पट्टा प्रथिनाच्या खात्यात जमा होतो. कुरक्युमिनचे अल्कोहोलमधले द्रावण ताजे असावे आणि क्युव्हेटमध्ये अल्कोहोल एक टक्क्याच्या आत, 7.4 सामूच्या बफरमध्ये सुटे कुरक्युमिन लवकर विघटित होते. आपल्याकडचा मे महिना पाहता क्युव्हेटचे तापमान 25 अंशांवर बांधून ठेवणे गरजेचे, कारण नुसत्या उष्णतेनेही उजेड घटतो. वीज जाऊन आली की दिवा अर्धा तास तापू द्यावा.

एवढे सांभाळूनही मंदावणे म्हणजे हस्तांतरणच, असे म्हणता येत नाही. 500 नॅनोमीटरला कुरक्युमिनचा उजेड वाढला, हाही पुरावा नाही. प्रथिनाच्या कुशीत शिरल्यावर ते तसेही जास्त चमकते. 500 वर उत्सर्जन धरून, उत्तेजनाची तरंगलांबी बदलत उत्तेजन-वर्णपट घ्यावा आणि त्यात ट्रिप्टोफॅनचा उंचवटा दिसतो का ते पाहावे. त्याहून पक्की कसोटी दात्याच्या, म्हणजे ट्रिप्टोफॅनच्या, उत्तेजित अवस्थेच्या आयुर्मानाची: हस्तांतरण असेल तर ते घटते, नुसत्या स्थिर बंधनाने (उत्तेजनाआधीच जोडी जमून) मंदावले असेल तर तेवढेच राहते. शिवाय सगळे प्रथिन बांधले गेलेले नसताना काढलेली टक्केवारी बांधलेल्या-सुट्या रेणूंची सरमिसळ असते. गाईच्या अल्ब्युमिनमध्ये तर ट्रिप्टोफॅन दोन, 134 आणि 213 क्रमांकांचे. मग अंतर नेमके कोणापासून? मानवी अल्ब्युमिनमध्ये एकच आहे, 214 वा. महाग पडले तरी तेच घ्यावे.

आयुर्मान मोजायचे यंत्र तालुक्याच्या महाविद्यालयात नसते, हे मान्य. विद्यापीठात नमुना नेता आला नाही, तर प्रबंधात 'मंदावणे आढळले' एवढेच लिहू द्यावे, आणि परीक्षकांनी अंतराचा रकाना कोरा असल्याबद्दल गुण कापू नयेत.

— रसायनशास्त्राचे दोन प्राध्यापक, जि. वर्धा