तुझ्या नावाची चावी

प्रिय मित्रा,

तीन वर्षं झाली तुला लिहून. मधे दोनदा लिहायला बसलो आणि दोन्ही वेळा दोन ओळींवरच उठलो. फोन करता आला असता, पण फोनवर आपण पाचव्या मिनिटाला भांडतो, म्हणून पत्र. माझी तब्येत ठीक. पाठ अधूनमधून धरते, बाकी काही नाही.

गेल्या मंगळवारी रात्री एक गोष्ट झाली. ती तुझ्याशिवाय कुणाला सांगून उपयोग नाही.

क्लाउडच्या सुरक्षेसाठी एखादं टूल घ्यायचं असं आम्ही ठरवलंय. एका मोठ्या ग्राहकाने प्रश्नावली पाठवली आहे आणि तिची उत्तरं सोमवारी द्यायची आहेत. म्हणून तीन आठवडे आम्ही वेगवेगळी टूल्स आपल्याच खात्यावर लावून बघतोय. मंगळवारी त्यातल्या एकाचा रिपोर्ट उघडला. सगळ्यात वर लाल रंगात एक रेघ होती, एका गोष्टीतून दुसरीकडे जाणारी. इंटरनेटला उघडा असलेला एक सर्व्हर, त्यावर जुनं, भोक असलेलं पॅकेज, त्याच डिस्कवर एका साध्या फाइलमध्ये लिहून ठेवलेली, प्रोग्रॅमने पासवर्डासारखी वापरायची अ‍ॅक्सेस की, त्या कीला पूर्ण अ‍ॅडमिनचे अधिकार आणि त्यापुढे ग्राहकांचा सगळा डेटा. कीच्या चौकोनात मालकाचं नाव होतं. तुझं.

मी बराच वेळ त्या चौकोनाकडे बघत बसलो. तू गेलास त्या संध्याकाळी मी तुझा पासवर्ड बंद केला होता, रागाच्या भरात, तू लिफ्टपर्यंत पोहोचायच्या आत. चावी मात्र राहिली. मग क्लाउडट्रेल, म्हणजे खात्यात कुणी काय केलं त्याची नोंदवही, उघडलं, आणि तिथे रोज रात्री अडीच वाजता तुझ्या नावावर दोन ओळी. एक नवी स्नॅपशॉट, म्हणजे डिस्कची त्या क्षणाची प्रत, काढल्याची, एक सगळ्यात जुनी पुसल्याची. तुझी ती बॅकअपची स्क्रिप्ट! तू नसताना, आपलं बोलणं बंद असताना, रोज रात्री तुझ्याच नावाने आमचा बॅकअप होत होता. मला काय वाटलं ते लिहिता येत नाही, तू समजून घे.

आता खरी काळजी सांगतो.

क्लाउडट्रेलमध्ये आपोआप मिळतो तो इतिहास फक्त ९० दिवसांचा. त्या ९० दिवसांत तुझ्या चावीने स्नॅपशॉटशिवाय काही केलेलं नाही, आणि ते सगळं त्याच एका सर्व्हरवरून. पण त्याआधीचं? तू वेगळ्या खात्यात सगळे लॉग साठवायला लावले होतेस, आणि बिल वाचवायला ते मी बंद केले. त्यावरूनच तर आपलं ते मोठं भांडण झालं होतं, सर मधे पडले होते ते. आणि बकेटमधली, म्हणजे क्लाउडवरच्या फाइलींच्या कोठारातली, एखादी फाइल कुणी उघडली की नाही, ते तर त्या ९० दिवसांतही दिसत नाही. त्या नोंदी वेगळ्या चालू कराव्या लागतात आणि मी त्या होऊ दिल्या नाहीत. ग्राहकाच्या प्रश्नावलीत नेमका तोच प्रश्न आहे. तुझं बरोबर होतं. हे मी तीन वर्षांपूर्वी म्हणायला हवं होतं.

चालू केलंय सगळं, त्याच रात्री. पण वरातीमागून घोडं ते घोडंच.

आता टूलचं. ह्यात मला तुझं डोकं हवंय, कारण इथे पाच जण आहेत आणि मतं सहा आहेत.

एक रस्ता म्हणजे क्लाउडवाल्यांचं, अ‍ॅमेझॉनचंच घ्यायचं. गार्डड्यूटी, सिक्युरिटी हब, इन्स्पेक्टर. बटण दाबलं की चालू, वेगळा करार नाही, पहिले ३० दिवस गार्डड्यूटी फुकट. पण आपला अहवालांचा सगळा कारभार आता गूगल क्लाउडवर गेलाय, तिथलं सिक्युरिटी कमांड सेंटर वेगळं, म्हणजे दोन डॅशबोर्ड आणि दोन भाषा. दुसरा रस्ता प्राउलर. फुकट, ओपन सोर्स, दोन्ही क्लाउड तपासतं, सीआयएस ह्या संस्थेच्या सुरक्षा-यादीला धरून. चालवलं. तेराशेच्या वर ओळी आल्या. तुझी चावी त्यातही होती: एका ओळीत ‘९० दिवसांत बदललेली नाही’, दुसऱ्या ओळीत ‘अ‍ॅडमिन अधिकार’, आणि सर्व्हरचं उघडं पोर्ट तिसरीकडेच, चारशे ओळी खाली. प्राउलरचं चुकलं काहीच नाही. ह्या तीन ओळी मिळून एक दरवाजा होतो हे ओळखायला माणूस लागतो, आणि तो माणूस तू होतास.

तिसरा रस्ता हे महागडं, लाल रेघ काढणारं. मशीनवर काही बसवावं लागत नाही. डिस्कची स्नॅपशॉट घेऊन ती बाहेर वाचतं आणि सगळ्या गोष्टी एकमेकींना जोडून दाखवतं. वर्षाचा आकडा दोन माणसांच्या पगाराएवढा. तो आकडाही माणसांवर नाही, चालू मशीनच्या संख्येवर. गर्दीच्या दिवसांत आपली मशीन तिप्पट होतात, त्याचं काय, असं मी विचारलं तर विक्रेत्याने सरासरी, मर्यादा, सवलत असं बरंच ऐकवलं. लिहून दे म्हटलं, तर अजून आलेलं नाही.

आणि चौथा रस्ता तुझा, प्रत्येक मशीनवर एजंट, म्हणजे आत बसून लक्ष ठेवणारा प्रोग्रॅम. ‘फोटो काढून चोर सापडत नाही, आत पहारेकरी हवा.’ हे वाक्य तू इतक्या वेळा म्हणाला आहेस की आपली चष्मेवाली अजून तुझ्याच आवाजात म्हणून दाखवते.

ह्यावरून मी तुझ्याशी किती वाद घातलाय! १९ जुलै २०२४ला क्राउडस्ट्राइक ह्या एजंटवाल्या कंपनीच्या एका चुकीच्या अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर गेले, तेव्हा मी फोन हातात घेतला होता. ‘बघ तुझा पहारेकरी, घरमालकालाच कोंडलं’ असा मेसेज टाइपही केला होता. पाठवला नाही. आज वाटतं, पाठवायला हवा होता. तू चार शिव्या घातल्या असत्यास आणि बोलणं तरी सुरू झालं असतं.

पण ऐक, ह्या वेळी मी नुसता वाद घातला नाही, परीक्षा घेतली. विक्रेते डेमो दाखवतात तो त्यांच्या खात्यावर, त्यांनीच पेरलेल्या रोगावर, त्यामुळे सगळ्यांचंच औषध लागू पडतं. म्हणून आपल्या चाचणीच्या खात्यात मी स्वतः तीन घोळ घातले. रिकामी बकेट जगाला उघडी केली. एका फाइलमध्ये खोटी चावी टाकली. आणि एका कंटेनरमध्ये शिरून, चोर करील तशी, शेल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडून बाहेरून एक फाइल उतरवली. मग घड्याळ लावून बसलो. बकेट गार्डड्यूटीने चहा गार व्हायच्या आत पकडली. महागड्याला ती दुसऱ्या दिवशी सकाळी दिसली, कारण त्याची फेरी दिवसातून एकदा. पण फाइलमधली चावी फक्त त्यालाच सापडली. आणि शेल? गार्डड्यूटी, प्राउलर आणि महागडं ह्यांपैकी कुणालाच नाही. मी फाल्को हे आतून पहारा देणारं टूल बसवून ठेवलं होतं, त्याने मी एंटर दाबला आणि अलर्ट दिला. तुझा पहारेकरी.

तेव्हा तूही बरोबर आणि मीही बरोबर. भोकं शोधायला फोटो लागतो, आणि भोकातून कुणी आत आलं तर पहारा. एकाच टूलमध्ये दोन्ही असतं असं आता सगळेच विक्रेते म्हणतात, सीनॅप (क्लाउडची सगळी सुरक्षा एकाच टूलमध्ये) हा शब्द तर प्रत्येकाच्या पहिल्या स्लाइडवर. पण दोन्ही अंगं सारखी पक्की असलेलं मला अजून दिसलं नाही.

आणखी एक टोचणी आहे. ह्या टूलला काम करायचं तर आपल्या सगळ्या खात्यांत वाचायचा अधिकार द्यावा लागतो, स्नॅपशॉट काढायचाही. म्हणजे तुझी चावी काढून तिच्याहून लांब हात असलेला एक परका रोल, म्हणजे अधिकारांचा संच, आत घ्यायचा. २०१९मध्ये तू कॅपिटल वन ह्या अमेरिकन बँकेचं प्रकरण फळ्यावर काढून दाखवलं होतंस, आठवतं? फायरवॉलची चुकीची मांडणी, त्यातून १६९.२५४.१६९.२५४ ह्या सर्व्हरच्या आतल्या पत्त्यावर विनंती, तिथून रोलचे तात्पुरते अधिकार, आणि त्या रोलला गरजेपेक्षा जास्त मुभा. अमेरिकेतल्या सुमारे १० कोटी लोकांची माहिती गेली. तू खडू खाली ठेवून म्हणाला होतास, ‘कुलूप तुटलं नाही, किल्ल्या वाटल्या गेल्या.’ ते माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणून मी अधिकारांची पूर्ण यादी मागितली, आणि डिस्क त्यांच्या खात्यात वाचतात की आपल्या, हे विचारलं. आपल्या खात्यात वाचायचा पर्याय निघाला. तो मागितल्याशिवाय कुणी सांगितला नव्हता.

तीन वर्षांचा करार केला तर मोठी सूट म्हणतात. मी नको म्हणतोय. ह्या धंद्यात कुणाचा मालक कधी बदलेल सांगता येत नाही. लेसवर्क ही क्लाउड सुरक्षेची कंपनी २०२४मध्ये फोर्टिनेटने घेतली. तशीच दुसरी कंपनी, विझ, घेण्याचा गूगलचा करार मार्च २०२५मध्ये जाहीर झाला, ३२ अब्ज डॉलरला, आणि कंपनी सुरू झाली होती २०२० साली. मालक बदलला म्हणजे टूल बिघडतंच असं नाही, पण तीन वर्षं मान अडकवायची माझी तयारी नाही.

माझा कल असा होता: क्लाउडवाल्यांचं सगळीकडे चालू करायचं, प्राउलर दर आठवड्याला, इंटरनेटला तोंड असलेल्या मशीनवर फाल्को, आणि महागडं नको. पैसे वाचले तर लॉग साठवायला लावायचे. परवा हे मीटिंगमध्ये मांडलं. चष्मेवाली शांतपणे म्हणाली, ‘कुठलं सर्व्हर कुणाला जोडलंय हे आधी तुम्हा दोघांच्या डोक्यात होतं. आता ते अर्धं तुमच्या डोक्यात आहे आणि अर्धं निघून गेलंय. त्या अर्ध्यासाठी मला हे टूल हवंय. तेराशे ओळी वाचायला इथे कोण रिकामं आहे?’

मला उत्तर देता आलं नाही. तिचं म्हणणं अगदी खरं आहे. वर्षाला दोन पगार देऊन मी तुझी जागा भरायला निघालोय, आणि ते टूल पहिल्याच दिवशी तुझं नाव शोधून काढतं. आता बहुधा तिचंच ऐकणार, पण एका वर्षाच्या करारावर, आणि ती रेघ दिसली की उठून दुरुस्त करणारं माणूस आधी ठरवून. नाहीतर तेराशेच्या जागी तेरा ओळी दिसतील आणि त्याही तशाच पडून राहतील. तुझं मत वेगळं असेल तर कळव, भांडायला तयार आहे.

तुझं नवं काम कसं चाललंय? मुलीचा फोटो सरांकडे पाहिला, नाक तुझ्यावर गेलंय, बिचारी. वहिनींना नमस्कार. तुझी निळी छत्री अजून इथेच आहे, मी कुणाला नेऊ दिली नाही.

आता कामाचं. तुझी चावी मी अजून बंद केलेली नाही. बॅकअपसाठी नवा रोल तयार आहे, फक्त स्नॅपशॉट काढण्यापुरते आणि पुसण्यापुरते अधिकार. शनिवारी रात्री अडीचच्या फेरीआधी जुनी निष्क्रिय करायची, दोन आठवडे तशीच ठेवायची आणि मग पुसायची. निष्क्रिय केलेली परत चालू करता येते, पुसली की गेली. क्लाउडट्रेलमध्ये दुसरा वापर दिसत नाही, पण बकेटचं वाचन तिथे दिसतच नाही, म्हणून तुलाच विचारतो. ती चावी तू आणखी कुठे लावली होतीस? महिनाअखेरच्या त्या अहवालाला लावली होतीस का? नीट आठव आणि शनिवारच्या आत फोन कर. रात्री कितीही वाजता कर, मी जागाच असेन.

तुझाच