राजीनामा देण्याआधी

चि. निखिल यास अनेक आशीर्वाद.

आरमार सोडण्यावरून परवा फोनवर तू आवाज चढवलास, मीही चढवला आणि आईने फोन काढून घेतला. म्हणून लिहितो आहे. पत्रात निदान मध्ये कोणी तोडत नाही.

तुमचं जहाज दक्षिण कोरियात बुसानला जाऊन आल्यापासून तिथलं आरमार उभं करणाऱ्या सोन वॉन-इल यांचं नाव तुझ्या तोंडी आहे. 'बाबा, आरमारातला माणूस संरक्षणमंत्री झालाय, मी साधी आमदारकी लढवायची म्हणतोय.' बरं. मिळेल ते वाचून काढलं. माणूस मोठा आहे, यात वाद नाही.

१९०९चा जन्म. वडील पाद्री, देशासाठी परागंदा झालेले, शांघायमधल्या कोरियाच्या हंगामी सरकारात विधिमंडळाचे अध्यक्ष. मुलगा शांघायमध्ये नौकानयन शिकला, जर्मन व्यापारी जहाजांवर राबला. ऑगस्ट १९४५मध्ये जपानी हरले तेव्हा देशाकडे आरमार म्हणावं असं काही नव्हतं. याने सोलच्या भिंतींवर कागद चिकटवून खलाशी बोलावले आणि ११ नोव्हेंबरला सत्तर माणसांवर सुरुवात केली. पुढे लढाऊ जहाज घ्यायला पैसे नव्हते, तर खलाशांच्या पगारातून कापून घेतले. बायकांनी लोकांची धुणी धुतली. असे पंधरा हजार डॉलर जमले, बाकीचे सरकारने घातले आणि अमेरिकेतून एक जुनं गस्ती जहाज आलं. त्याला पेक्तु पर्वताचं नाव दिलं. तोफ हवाईत बसवली आणि गोळे घेतले मोजून शंभर. एप्रिल १९५०मध्ये ते पोचलं आणि जूनच्या २५ तारखेला युद्ध पेटलं. त्याच रात्री बुसानजवळ सुमारे सहाशे सैनिक घेऊन येणारं उत्तर कोरियाचं जहाज याच जहाजाने बुडवलं. सोन तेव्हा तिथे नव्हते, अमेरिकेत आणखी तीन जहाजं आणायला गेले होते. मला तर हेच आवडलं. पुढे सप्टेंबरात इंचॉनला मात्र ते नौसैनिकांबरोबर स्वतः उतरले.

हे वाचताना एळिमलाच्या नौदल अकादमीतली तुझी परेड आठवली. माई त्या उन्हात छत्री घेईना, म्हणाली, पोरगं उन्हात उभं आहे. तुला शोधता शोधता ती भलत्याच मुलाकडे बघून रडत होती. तो मुलगा केरळचा निघाला. त्याच्या आईने तिला पाणी दिलं.

तर मुद्दा. सोन आरमारात मोठे होते म्हणून मंत्रिपदाची खुर्ची सोपी गेली, असं नाही. जून १९५३च्या अखेरीस मंत्री झाले, महिनाभरात युद्धविराम. आपले तात्या जनरल थोरातांच्या फौजेतून कोरियाला गेले होते, ते याच वेळी. वडगावचे थोरात. युद्धकैद्यांची राखण करायची होती. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांनी हिंदी शिपायांना आपल्या जमिनीवर पाय ठेवू दिला नाही. जहाजावरून हेलिकॉप्टरने उचलून थेट दोन्ही कोरियांमधल्या निर्लष्करी पट्ट्यात नेलं. तात्या तो अपमान कधी विसरले नाहीत. त्या सरकारात संरक्षणमंत्री तुझे सोनच होते.

आणि मग १९५४. री यांना पुन्हा पुन्हा अध्यक्ष व्हायचं होतं, त्यासाठी घटना बदलायला दोन तृतीयांश मतं हवी होती. सभागृह २०३ जणांचं. २०३चे दोन तृतीयांश किती? १३५.३३. मतं पडली १३५. ठराव फेटाळला गेला. दोन दिवसांनी सांगितलं, पाचाच्या खालचा अपूर्णांक सोडून देतात, म्हणून १३५ पुरे, ठराव मंजूर! मी जन्मभर सातवीला पूर्णांकात रूपांतर शिकवलं. निम्म्याहून कमी माणूस सोडून द्या, असं कुठल्या गणितात बसत नाही; १३५ने अट पुरी होत नाही, १३६ लागतात. तेव्हाही सोन मंत्रिमंडळातच होते, आणि राहिले १९५६पर्यंत.

निखिल, मला भीती याचीच आहे. तू त्या मंत्रिमंडळात असतास तर काय केलं असतंस? तुला नाही म्हणता येत नाही. बंड्याने सायकल मागितली, दिलीस. सुहासच्या कर्जाला जामीन राहिलास. हप्ते मृणाल भरते आहे, हे मला तिने नाही, आईने सांगितलं. आरमारात ते खपतं, तिथे हुकूम वरून येतो. राजकारणात प्रत्येक माणूस काहीतरी मागायलाच येतो. हे कितव्यांदा लिहितोय कोण जाणे. शिकवणी सुरू झाली म्हणून चिडू नकोस, सवय आहे.

वीस वर्षं भरल्याशिवाय पेन्शन नाही, हे तुला माहीत आहे. गौरीची बारावी आहे, हेही. त्याबद्दल मी बोलणार नाही असं आईला कबूल केलं होतं.

आणखी एक सांगतो, ते मला झोपू देईना. सोन यांच्या वडिलांनी मांचुरियात जिलिनला एका तुरुंगात पडलेल्या पोरासाठी खटपट केली होती. ते पोरगं किम इल-सुंग, पुढे उत्तर कोरियाचा सर्वेसर्वा झालेला. पाद्रीबाबांचा मुलगा पुढे त्याच्याशीच लढला. दुसरा मुलगा अमेरिकेत डॉक्टर झाला आणि म्हातारपणी त्याच किमला भेटायला प्योंगयांगला गेला. बाप बिचारा १९३१मध्येच वारला, त्याला यातलं काही बघावं लागलं नाही. मी आहे अजून, आणि टीव्हीवर सगळं बघतो.

तुझ्या सोन यांच्या नावाची पाणबुडी आहे, हेही वाचलं. अभिमान मलाही वाटतो रे. पोस्टातल्या कुलकर्ण्यांना तुझं सांगताना मी जरा जास्तच सांगतो, असं आई म्हणते. निवडून आलास तर त्याहून जास्त सांगेन. पण नाही म्हणायला शिकून मग जा. आलंच परत.

ते पक्षाचे गृहस्थ गेल्या आठवड्यात घरी येऊन गेले. चहा घेतला, ताम्हिणीचा मध ठेवून गेले. मी तो परत पाठवला, आई अजून माझ्याशी बोलत नाही. पुढच्या रविवारी ते पुन्हा येणार आहेत. त्यांना तुझ्या वतीने काय सांगायचं ते कळव. व्हॉट्सअ‍ॅपवर अंगठा पाठवू नकोस, सविस्तर लिही.

तुझा,
बाबा