अमेरिकेतला मतदार आळशी नाहीये, वैतागलाय

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परवा तुमच्या पेपरात अमेरिकेतल्या मतदानावर छापून आलं होतं, त्यात लिहिलंय की तिथली माणसं सुखात आहेत म्हणून मत द्यायला जात नाहीत. हे वाचून राहवेना म्हणून लिहायला बसलो. मी न्यू जर्सीत राहतो, सिटिझन झाल्यापासून अध्यक्षपदाच्या तीन निवडणुकांत मत दिलंय, आणि माझ्या ओळखीतले जे जात नाहीत त्यांच्यात सुखी असे कमीच आहेत हो, वैतागलेलेच जास्त.

२०२४ ला साधारण ६४ टक्के मतदान झालं, म्हणजे हक्क असून न दिलेले जवळजवळ नऊ कोटी. ट्रम्पना मिळाली पावणेआठ कोटीच्या आसपास, हॅरिसना साडेसात. आता त्या नऊ कोटींत काही आळशी असतीलच, काहींना मंगळवारी कामावरून सुटता येत नाही (हा मंगळवार १८४५ च्या कायद्यातला बरं का, शेतकऱ्यांना घोडागाडीने यायला सोयीचा म्हणून ठरवलेला, तो अजून तसाच चालूय), पण बाकीच्यांचं काय? गॅलपच्या सर्व्हेत २०२४ ला ४३ टक्के लोकांनी आम्ही कुठल्याच पक्षाचे नाही असं सांगितलं, दोन्ही पक्षवाले २८-२८ टक्के. खरं सांगायचं तर या अपक्ष म्हणवणाऱ्यांतले बरेच जण शेवटी दरवेळी त्याच एका पक्षाला मत टाकून येतात, दगडापेक्षा वीट मऊ म्हणून. पण आम्ही त्यांचे आहोत हे सांगायची लाज वाटते, ही काय साधी गोष्ट आहे का.

माझा एक मित्र डेलावेअर नदीच्या पलीकडे पेनसिल्व्हेनियात राहतो. ऑक्टोबरमध्ये त्याच्याकडे गेलो तर पोस्टाची पेटी पत्रकांनी भरलेली, टीव्ही लावला की जाहिरात, दर दोन दिवसांनी कुणीतरी बेल वाजवतंय. मी नदीच्या अलीकडे, माझ्याकडे कुत्रंसुद्धा फिरकलं नाही. कारण अध्यक्ष ठरतो तो राज्याराज्याला नेमून दिलेल्या इलेक्टोरल मतांवर, आणि बहुतेक राज्यांत जो जिंकेल त्याला ती सगळीच्या सगळी. न्यू जर्सीची १४ इलेक्टोरल मतं १९९२ पासून दरवेळी डेमोक्रॅट्सनाच जातात, मग इथे पैसा घालवतो कोण, दोघंही धावतात कुठेही झुकू शकणाऱ्या त्या सात राज्यांकडे, पेनसिल्व्हेनिया त्यातलंच एक. बरं पलीकडचा तो मित्र तरी खूश असेल तर तसंही नाही, त्याने कुठल्या पक्षाकडे नाव नोंदवलेलं नाही त्यामुळे तिथल्या नियमाने त्याला प्रायमरीत (पक्षाचा उमेदवार ठरवायच्या निवडणुकीत) मतच देता येत नाही. म्हणजे उमेदवार दुसऱ्यांनी ठरवायचा आणि यातला एक घे म्हणून याच्या दाराशी यायचं.

आमची प्रायमरी जूनमध्ये. २०२४ ला बायडेन आणि ट्रम्प दोघांचंही तिकीट मार्चमध्येच पक्कं झालेलं, मग आम्ही जूनमध्ये रांगेत उभं राहून करायचं काय? आणि जुलैत बायडेनच बाजूला झाले!

आता न्यू जर्सीची खास गंमत सांगतो, ही तिकडे फार कुणाला माहीत नसते. आमच्या बहुतेक काउंट्यांत (म्हणजे जिल्ह्यांत) २०२४ पर्यंत प्रायमरीच्या बॅलटवर पक्षाच्या स्थानिक पुढाऱ्यांनी निवडलेले सगळे उमेदवार एका ओळीत छापायचे, अध्यक्षापासून खालपर्यंत, आणि बाकीचे कुठेतरी कोपऱ्यात, त्या जागेला इकडे 'बॅलट सायबेरिया' म्हणायचे. माणूस ओळ बघायचा आणि सरळ खाली टिक करत जायचा. २०२४ ला सिनेटच्या जागेसाठी तेव्हाच्या गव्हर्नरसाहेबांच्या मिसेस उभ्या राहिल्या, टॅमी मर्फी, आणि काउंटीचे पुढारी भराभर त्यांच्या मागे. घराणेशाही म्हणजे आपल्याकडचीच मक्तेदारी नाही हे तेव्हा कळलं. त्यांच्या विरोधात उभे असलेले अँडी किम कोर्टात गेले, मार्चमध्ये मिसेस मर्फींनी माघार घेतली आणि पाठोपाठ फेडरल जज्जने डेमोक्रॅट्सच्या प्रायमरीपुरती ही ओळ बंद केली. किम पुढे सिनेटर झाले. पण इतकी वर्षं त्या ओळीवर जे निवडून येत गेले त्यांचं काय?

लोक म्हणतात मग तिसऱ्याला द्या. १९९२ ला रॉस पेरोंना दिलं, जवळपास १९ टक्के, दोन कोटींच्या घरात मतं, इलेक्टोरल मतं किती तर भोपळा. २००० ला फ्लोरिडात बुश जिंकले ५३७ मतांनी आणि तिथे तिसरे उमेदवार नेडर यांना पडलेली ९७ हजार, तेव्हापासून तिसऱ्याचं नाव काढलं की 'मतं खाणारा' हे लेबल तयारच. नेवाडात तर आपल्या नोटासारखा पर्याय १९७० च्या दशकापासून आहे, 'यापैकी कुणी नाही'. २०१४ ला डेमोक्रॅट्सच्या गव्हर्नरपदाच्या प्रायमरीत तोच पहिला आला! मग तिकीट कुणाला, तर दुसऱ्या नंबरवाल्याला, जणू काही झालंच नाही.

एका बाबतीत मात्र मला लोकांचाच राग येतो. पसंतीक्रमाने मत द्यायची पद्धत मेन आणि अलास्कात चालू आहे, म्हणजे तिसऱ्याला पहिली पसंती दिली तरी तो बाद झाल्यावर मत पुढच्या पसंतीला जातं, वाया जात नाही. २०२४ ला कोलोरॅडो, आयडाहो, नेवाडा, ओरेगन या चारही राज्यांत ही पद्धत आणायचे प्रस्ताव मतदानाला होते, चारही ठिकाणी लोकांनीच पाडले. नेवाडात तर दोन्ही पक्षांचा विरोध होता, आणि एरवी ही मंडळी कशावर एकमत होतात सांगा.

तर लेखकांना माझा निरोप द्या. २०२४ च्या नोव्हेंबरच्या निवडणुकीत आमच्या घरात पोस्टाने तीन बॅलट आले. बायकोने नाक मुरडत अध्यक्षाचं मत दिलं. मी स्कूल बोर्डाच्या उमेदवारांची माहिती दोन संध्याकाळ बसून वाचली, तिथे मन लावून टिक केलं, आणि अध्यक्षाची जागा आयुष्यात पहिल्यांदा कोरी सोडून पोस्टात टाकलं. मुलाचं पहिलंच मत होतं, त्याचं पाकीट अजून फ्रिजवर मॅग्नेटखाली आहे, न उघडलेलं.

आपला,
न्यू जर्सीतला एक वाचक